काठ सोडा, मग घरं मांडा: नदीकाठच्या वसाहतीची आखणी, पायरीपायरीने

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतलं कृष्णेचं पाणी उतरलं आणि पुढच्या आठवड्यात मी एका ओळखीच्या कुटुंबाकडे गाळ काढायला गेले. घर तळमजल्यावर, सोसायटी नदीला लागून. नदीच्या बाजूची सात फुटी, नऊ इंची विटांची सलग भिंत आडवी झाली होती, आणि पडली होती ती आतून बाहेर, नदीकडे. चढतं पाणी भिंतीने अडलं नव्हतंच. ते गेटमधून आणि गटारातून आत आलं होतं. उतरताना मात्र भिंतीने आतलं पाणी धरून ठेवलं. बाहेरची पातळी खाली गेली, आतली तशीच राहिली आणि त्या भाराने भिंत गेली. भिंतीच्या आतल्या अंगाला, माहितीपत्रकात ‘रिव्हर व्ह्यू लॉन’ म्हणून छापलेली हिरवळ होती. काकू म्हणाल्या, "आठ वर्षं झाली आम्हाला इथं. त्या लॉनवर चारदा गेले असेन. कायम कुलूपच की."

तिथून थोड्या अंतरावर जुना दगडी घाट आहे. लोकांनी फावड्याने गाळ ओढला, बादल्यांनी पायऱ्या धुतल्या आणि तिसऱ्या दिवशी तिथे माणसं पुन्हा बसली होती. घाटाचा एक दगड हलला नव्हता.

मी वास्तुविशारद आहे आणि नदीकाठच्या जागांवर बरीच वर्षं काम करते. त्या दिवसापासून प्रत्येक आखणीत एकच गोष्ट आधी तपासते. पुराला जी जमीन लागते, तीच जमीन शेजाराला लागते. पाणी तिथे वर्षाकाठी चार-सहा दिवस येणार, काही वर्षी येणारही नाही. बाकीचे दिवस ती मुलांची, म्हाताऱ्यांची, वाळवणाची, गप्पांची. ती जमीन मोकळी आणि सामाईक ठेवली की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. तिथे घरं किंवा भिंती घातल्या की दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात.

पुढची पद्धत मी तीस-चाळीस कुटुंबांच्या गटासाठी लिहिते आहे. स्वतः एकत्र येऊन जागा घेणारे, छोटे बांधकाम व्यावसायिक, किंवा पुनर्विकासाला निघालेली सोसायटी, कोणालाही ती लागू पडेल. हिशेबासाठी समजा नदीला लागून १०० गुंठे, म्हणजे अडीच एकर जागा आहे आणि ३६ घरं बांधायची आहेत.

पायरी १: जागा घेण्याआधी पाणी बघा

जागा उन्हाळ्यात दाखवतात. तुम्ही ती ऑगस्टमध्येही बघा. शेजारच्या शेतात राबणारा माणूस, नदीत जाळं टाकणारा आणि गावातली एखादी आजी, या तिघांना वेगवेगळं गाठा. "इथे पूर येतो का?" असं विचारू नका, विकायला काढलेल्या जमिनीवर पूर कधीच येत नसतो. "२००५ ला पाणी कुठवर होतं? २०१९ ला? २०२१ ला?" असं वर्ष घेऊन विचारा आणि भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. त्या हाताच्या खाली टेप लावून उंची लिहून घ्या. बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक किती उंचावर आहे तेही पाहा. ही नोंद नदीने स्वतः करून ठेवलेली असते.

मग कागद. महाराष्ट्रात नद्यांना दोन पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध. जलसंपदा विभागाने आखलेल्या या रेषा शहराच्या विकास आराखड्यात दिसतात. आपल्या गट नंबरावर त्या कुठून जातात याची खात्री करून घ्या, विकणाऱ्याच्या नकाशावर विसंबू नका.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार लोक फसतात. त्याचा अर्थ असा, की तो पूर कोणत्याही एका वर्षी यायची शक्यता १ टक्का आहे. घर ३० वर्षं वापरणार असाल तर त्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के होते, आणि निळ्या रेषेपर्यंत यायची ७० टक्क्यांच्या आसपास. धरणाखालच्या नद्यांना विसर्गाचाही हिशेब असतो. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी मुठेत सोडलं तेव्हा पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. ज्या जमिनीवरून इतकं पाणी जायचं आहे तिच्याबद्दल आपण बोलतो आहोत, हे मनात पक्कं असू द्या.

आता जागेची मोजणी अर्ध्या मीटरच्या समतल रेषांसह, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांसह, करून घ्या. मोजणीवाल्याकडून दोन्ही पूररेषा जमिनीवर उतरवून घ्या आणि त्यावर फक्की मारा. मग सगळ्या कुटुंबांना, मुलाबाळांसह, एका रविवारी तिथे बोलवा आणि त्या पांढऱ्या रेषांवरून चालायला लावा. नकाशावर न पटलेल्या गोष्टी इथे अर्ध्या तासात पटतात. मी एकदा हे केलं तेव्हा लाल रेषेवर उभं राहून एका गृहस्थांनी हात वर केला, म्हणाले, "म्हणजे पाणी इथं, आणि माझा सोफा तिथं खाली?" तळमजल्याच्या उंचीवर पुन्हा वाद झाला नाही.

जागा खाडीकाठी असेल तर पूररेषेऐवजी भरतीरेषा आणि किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. कांदळवन मोठं असेल तर त्याच्याभोवती ५० मीटर सोडावे लागतात. ते काम त्या विषयातल्या अधिकृत संस्थेकडून नकाशा काढून घेतल्याशिवाय पुढे नेऊ नका. तलावाकाठी असाल तर तलाव पूर्ण भरल्याची पातळी आणि सांडव्याची दिशा, या दोन गोष्टी आधी.

पायरी २: प्लॅनच्या आधी छेद काढा

नेहमीची सवय अशी, की वरून दिसणारा नकाशा आधी काढायचा आणि त्यात घरं भरत जायची. पाण्याकाठी उलटं करा. नदीच्या पात्रापासून मागच्या रस्त्यापर्यंत जमीन उभी कापली तर कशी दिसेल तो छेद आधी काढा. त्यावर निळी आणि लाल पातळी आडव्या रेघांनी दाखवा. वसाहतीचे चार पट्टे आपोआप दिसू लागतात.

आपल्या १०० गुंठ्यांत समजा निळ्या रेषेखाली २० गुंठे आहेत. ही नदीची जागा. तिथे मातीची पायवाट, झुडपं, गवत आणि उतरायला पायऱ्या, एवढंच. निळी ते लाल ३५ गुंठे. ही सामाईक हिरवी जागा. खेळायचं मैदान, झाडं, बाकं, कट्टे. उरलेले ४५ गुंठे लाल रेषेच्या वर, घरं तिथे. आणि सगळ्यात मागे, रस्त्याला लागून, गाड्या.

राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये, लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर जोतं घेऊन बांधकामाची परवानगी मिळू शकते. माझा आग्रह आहे की वर जागा असेल तर ही सवलत वापरू नका. परवानगी मिळाली म्हणून पाणी यायचं थांबत नाही. घर कोरडं राहिलं तरी जिना, गाडी, गॅस, दूध, शाळा सगळं पाण्याच्या पलीकडे राहतं.

नियमाने ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आपल्या १०० गुंठ्यांत ती हजार चौरस मीटरच्या थोडी वर भरते. पूररेषांमुळे तुमच्याकडे तिच्या पाचपट मोकळी जमीन पडून असते आणि ती विकता येत नाही म्हणून सगळे हळहळतात. याच जमिनीने पुढे वसाहतीला किंमत येते. नियमातली १० टक्के नेमकी कुठे धरली जाईल, हे मंजुरी देणाऱ्या कार्यालयात आराखड्याआधी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका: भराव. रेषेच्या खालची जमीन मुरूम टाकून उचलली तर तुमचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात आणि खालच्या वस्तीत जातं. माती हलवायचीच असेल तर जागेतल्या जागेत, जितकी कापली तितकीच भरली, असा हिशेब ठेवा. आणि कापायचं खाली, भरायचं लाल रेषेच्या वर.

नदीच्या बाजूला सलग भिंतही नको. कुंपण हवंच असेल तर उभे खांब आणि मध्ये मोकळे आडवे पाइप, पाणी आरपार जाईल असं. तारेच्या बारीक जाळीत पुरात वाहून आलेला कचरा अडकतो आणि तिचीच भिंत होते.

पायरी ३: पहिली रांग नावाची चूक टाळा

पाण्याकडे तोंड करून इमारतींची एक लांब रांग उभी करायची, तिचा भाव चढा ठेवायचा आणि मागच्या रांगेला पुढच्यांच्या बाथरूमच्या खिडक्या दाखवायच्या, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. तिने नदी काही घरांची होते आणि वसाहतीत पहिल्या दिवसापासून दोन जाती पडतात.

इमारती नदीला काटकोनात उभ्या करा. तीन बाजूंना घरं, मध्ये चौक, चौथी बाजू नदीकडे उघडी. तळमजला आणि वर दोन मजले धरले तर तीन बाजूंना मिळून एका चौकाभोवती नऊ घरं होतात. असे चार चौक केले की ३६ घरं झाली. प्रत्येक घराला नदीची पूर्ण भिंतभर नाही, पण एक फट मिळते, आणि नदीवरून येणारा वारा सगळ्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. त्या अंगाच्या खिडक्यांवर किमान अडीच फुटी छज्जा घ्या, नाहीतर चार महिने खिडक्या बंद आणि वारा फुकट.

पायरी ४: चौक लहान ठेवा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला, एक वसाहत आखली. लोक तिला आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. सात घरं मिळून ८ बाय ८ मीटरचा एक चौक. असे तीन गट मिळून २१ घरांना १२ बाय १२ मीटरची एक मोठी जागा, आणि असंच पुढे वाढत जाणारं. घरांचे प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या घरात फार फरक नाही. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न दुखावता प्रत्येकाला घर वाढवता येतं. वस्तीतून एक लहानसा ओढा जातो. पुढे बरीच मूळ घरं पाडून लोकांनी तिथे मोठी सिमेंटची घरं उठवली. चौक मात्र राहिले. घरं मालकांनी बदलली. जागा सात जणांची होती, ती बदलायची तर सातही जणांनी एकत्र यावं लागलं असतं. चांगल्या सामाईक जागेचं माझ्या लेखी हेच लक्षण.

आपल्या तीन मजल्यांना ८ मीटरचा चौक अंधारा होईल. १२ बाय १२ घ्या. त्याहून मोठा नको. माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव साधारण २० ते २५ मीटरपर्यंत कळतात. १२ मीटरच्या चौकात समोरच्या ओट्यावरची बाई आज गप्प आहे, हे न विचारता कळतं. एका चौकाला सहापेक्षा कमी घरं असली की तो ओस पडतो आणि बारापेक्षा जास्त झाली की कोणी कोणाला ‘आमच्या चौकातले’ म्हणत नाही.

चौकात प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी उघडली पाहिजे. हॉलची नव्हे, स्वयंपाकघराची. दिवसाचे जास्तीत जास्त तास जिथे माणूस उभं असतं तिथून मुलं दिसली पाहिजेत. खिडकीचा उंबरा स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीवर, म्हणजे पोळ्या लाटताना मान वर केली की खालचं दिसतं.

दाराबाहेर ओटा. दीड फूट उंच, चार ते पाच फूट रुंद. दीड फूट यासाठी, की त्या उंचीवर कोणालाही टेकता येतं, पाहुणा असो की कुरिअरवाला. ओटा घराचा, चौक सगळ्यांचा, आणि दोन्हींच्या मध्ये रेलिंग नाही. वरच्या मजल्यांना जिन्याच्या प्रत्येक वळणावर दोन माणसं बसतील एवढी गॅलरी द्या आणि तिचं तोंड चौकाकडे ठेवा.

चौकात गाडी येता कामा नये, दुचाकीसुद्धा. तोंडाशी दोन पायऱ्या आणि बाजूला एकास बाराचा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढणारा, उतार घेतला की चाकाची खुर्ची सहज जाते. दुचाकी मात्र त्या उतारानेही येऊ शकते, म्हणून उतार वळणाचा घ्या.

आणि एक वाळवणाची जागा. शहाबादी फरशीचा पंधरा बाय पंधरा फुटांचा चौथरा, दक्षिणेला काही उंच नाही, शेजारी एक नळ. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, सांडगे, पापड तिथे पडतात. वाळवण म्हटलं की राखण आली, राखणीला आजी बसते, आजीच्या आसपास नातवंडं खेळतात आणि एका घरच्या चिकाला चार घरचे हात लागतात. सोसायटीच्या क्लब हाउसवर जितका खर्च होतो त्याच्या विसाव्या हिश्शात हे होतं, आणि माझ्या अनुभवात शेजार जुळवायला ते जास्त उपयोगी पडतं.

पायरी ५: पाय कुठून जातील ते आधी ठरवा

गाड्या मागे ठेवल्या की घरी जाताना माणूस चालत जातो. ती वाट सामाईक जागेच्या कडेने न्या. पत्रपेट्या, शाळेच्या बसची थांबायची जागा, दुधाच्या पिशव्यांचा ट्रे आणि सामाईक पडवी या वाटेवरच ठेवा. मुद्दाम भेटायला कोणी जात नाही. कामाला जाताना भेटणं होतं.

किशोरवयीन मुलांना सगळे विसरतात. त्यांना घरांपासून थोडा लांब, दिसेल पण ऐकू येणार नाही असा एक कट्टा द्या, शक्यतो सामाईक मैदानाच्या नदीकडच्या टोकाला. हा कट्टा दगडी आणि भक्कम बांधा, तो पुरात राहणार आहे.

पायरी ६: झाडं, गवत, भाजी

लॉन कमी. चैत्र-वैशाखात एक चौरस मीटर लॉनला दिवसाला साधारण ५ लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटरला ५,००० लिटर. माणशी १३५ लिटर धरले तर ते ३७ माणसांचं पाणी. खेळायच्या जागेपुरतं साधं गवत ठेवा, बाकी झाडांच्या सावलीत माती चालते. मुलांना मातीच हवी असते.

निळ्या रेषेखाली पुराला वाकणारी, पुन्हा उठणारी झाडं लावा: वाळुंज, शेरणी, वाळा, पाण्याला लागून पाणकणीस. थोडं वर करंज आणि उंबर. लाल रेषेच्या आसपास जांभूळ, अर्जुन, ताम्हण, कदंब. उंबर आणि पिंपळ इमारतीपासून निदान ३० फूट दूर. चौकात बकुळ किंवा पारिजातक, एकच. चारही चौकांत वेगवेगळं झाड लावलं की मुलं चौकाला त्याच नावाने ओळखू लागतात. सुबाभूळ आणि गिरीपुष्प ठेकेदार फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका.

भाजीचे वाफे लाल रेषेच्या वर. शहराखालच्या नदीच्या पुरात मैला असतो. पाणी वाफ्यांपर्यंत आलंच तर पालेभाजी उपटून टाका, धुऊन खाऊ नका. वाफा चार फूट रुंद म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, दहा फूट लांब, एका घराला एक. सगळ्यांची मिळून एकच बाग करून माळ्याच्या हवाली केली तर ती माळ्याची राहते.

पावसाचं पाणी मुरवायचे खड्डे जरूर करा, पण असे की पाणी दोन दिवसांत मुरेल. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डास झाले की संध्याकाळी सामाईक जागेत कोणी फिरकत नाही. नदीकडचे दिवे कमी उंचीचे, खाली बघणारे. वटवाघळांना आणि पाणपक्ष्यांना काळोख लागतो.

पायरी ७: पाण्यापर्यंत कसं उतरायचं

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट एकदा जाऊन पाहा आणि पायऱ्यांवर बसून पाहा. पायरी बसायला पुरेशी खोल आहे, चढायला सोपी आहे आणि नदी कितीही चढली-उतरली तरी तिच्याजवळ कुठल्या ना कुठल्या पायरीवर बसता येतं. एकाच उंचीला बांधलेल्या डेकवर हे जमत नाही. उन्हाळ्यात नदी खाली दूर दिसते आणि पावसाळ्यात डेकच दिसत नाही.

सहा इंच उंच, चौदा-पंधरा इंच खोल पायऱ्या, दर दहा पायऱ्यांनंतर रुंद टप्पा. निळ्या रेषेखाली पक्कं बांधकाम करायला परवानगी लागते. मिळत नसेल तर मातीतच दगड बसवलेल्या पायऱ्या करा. बाकीचा काठ एकास सहा उताराचा, गवताचा. पोहता न येणाऱ्या मुलांसाठी पाण्याच्या दहा फूट आधी दाट झुडपांचा पट्टा लावा आणि उतरायची जागा एकच ठेवा, जी चौकांतून दिसते. सांगली जिल्ह्यात कृष्णेला मगरी आहेत. अशा ठिकाणी पाण्यात पाय सोडून बसायच्या कल्पना सोडून द्या आणि शेवटचा टप्पा पाण्यापासून चांगला उंच घ्या.

पायरी ८: जमिनीखालचं आणि भिंतीतलं

इथे मोजकंच, पण यातलं काही गाळू नका. वीज मीटर, जनरेटर, लिफ्टचं पॅनेल, पंप हे सगळं लाल पातळीच्या किमान एक मीटर वर. तळघर नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण जोत्याच्या उंचीला आणि घट्ट बसणारं. मैलावाहिनीला नॉन-रिटर्न व्हॉल्व, नाहीतर पूर संडासातून घरात येतो. काकूंकडे तो तसाच आला होता. पावसाळी गटाराच्या नदीकडच्या तोंडाला झडप.

३६ घरांचं सांडपाणी दिवसाला अंदाजे २० हजार लिटर. ते शुद्ध करून उन्हाळ्यात सगळ्या हिरव्या जागेला पुरतं. हा प्रकल्पही लाल रेषेच्या वर, आणि चालवायला माणूस कोण, हे बांधण्याआधी ठरवून.

पायरी ९: गावची वाट बंद करू नका

नदीकाठच्या जवळजवळ प्रत्येक जमिनीतून कोणाची तरी वाट जाते. म्हशी पाण्यावर नेणारे, मासे धरणारे, गौरी-गणपतीला येणारे, दहाव्याला येणारे. गाव नकाशात पाणंद दिसते का पाहा, दिसत नसली तरी वहिवाट विचारा. ती जागेच्या एका कडेने आठ-दहा फूट रुंद, कायम उघडी, दिव्यासह आखा. अडवलेल्या वहिवाटीबद्दल तहसीलदाराकडे दाद मागता येते, म्हणजे भांडणाने जे द्यावं लागेल ते आधीच नीट द्या.

आतल्या माणसांना भीती वाटते, बाहेरचे लोक येतील. मी त्यांना सांगते, वाट चालती असली की काठ राखला जातो. आमच्या एका कामात पहाटे म्हशी घेऊन येणाऱ्या दादांनीच विजेची तार तुटून पडल्याचं सांगितलं, तेव्हा वसाहत झोपेत होती.

पायरी १०: जागा कोणाची, हे लिहून काढा

तीन पातळ्यांवर लिहा. चौकाचे निर्णय त्या नऊ घरांचे. झाड कोणतं, बाक कुठे, दिवा किती वाजता बंद, हे त्यांनी आपसात ठरवायचं, सोसायटीच्या सभेत आणायचं नाही. मैदान, वाफे, पडवी सगळ्या ३६ घरांची. आणि काठ: त्याची राखण वसाहतीने करायची, वापर सगळ्यांचा.

मंजूर नकाशावर या जागा सामाईक म्हणून दाखवल्या आहेत आणि अभिहस्तांतरणात (मालकी सोसायटीकडे देणाऱ्या दस्तात) त्या सोसायटीच्या नावे येणार आहेत, हे पैसे भरण्याआधी वकिलाकडून बघून घ्या. ‘पुढच्या टप्प्यासाठी राखीव’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर त्या शब्दांवर थांबा. देखभालीचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यातला ठरावीक वाटा पुरानंतर गाळ काढण्यासाठी बाजूला काढा, पूर आला नाही तरी.

‘बॉल खेळू नये’, ‘हिरवळीवर बसू नये’ अशा पाट्या लावायच्या नाहीत, हेही नियमावलीत लिहा. मी प्रत्येक वेळी लिहायला लावते.

पायरी ११: खांब रोवा

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या वसाहतीलाही असा एक आकडा हवा. सामाईक मैदानाच्या खालच्या टोकाला दगडी खांब रोवा, त्यावर निळी आणि लाल पातळी रंगवा, आणि जवळच्या सरकारी मोजपट्टीवर किती फूट झाले की तुमच्या खांबावर पाणी कुठे येतं, ते पहिल्या दोन पावसाळ्यांत नोंदवत जा.

मग खांबावर खालून वर तीन खुणा करा आणि त्यांना जोडून कामं वाटून द्या. पाणी पहिल्या खुणेला: मैदानावरची बाकं, खेळणी वर आणायची, हे मुलांचं काम. दुसऱ्या खुणेला: गाड्या मागच्या रस्त्यावर, खालच्या टोकाचे दिवे बंद, गटाराची झडप लावायची. तिसऱ्याला: टाकी भरून झाकण बंद, आजारी आणि वयस्कर माणसं कोणाच्या घरी जाणार त्यांची नावं यादीत आधीच. ही यादी प्रत्येक चौकात एकाने ठेवायची आणि दर जूनच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी खांबापाशी जमून ती मोठ्याने वाचायची. गेल्या वर्षी कुठली खूण भिजली होती, ते खांबावर रंगाने लिहायचं. आमच्या एका वसाहतीत हे काम सातवीतल्या एका मुलीकडे आहे. ती वर्ष लिहिते, खाली तारीख लिहिते, आणि ब्रश नदीच्या पाण्यात धुऊन वर येते.